कंट्रोलरची पाठ

कंट्रोलर निवडताना आपण त्याचे तोंड पाहतो. बटणांचा रंग, स्टिकची उंची, ट्रिगरचा उतार, हातात भरणारी पकड हे सगळे पाहून होते, पण पाठ सहसा कोणी पाहत नाही. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरची पाठ मात्र मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मधोमध एक झाकण आहे. अंगठ्याने दाबून ते सरकवले की आत दोन खाचा दिसतात, शेजारी शेजारी, पण एकमेकींच्या उलट दिशेला तोंड केलेल्या. टीव्हीच्या रिमोटमध्ये आणि भिंतीवरच्या घड्याळात जातो तोच पेन्सिल सेल त्यांत बसतो. सोनीच्या ड्युअलसेन्सच्या पाठीवर असे झाकण नाही. तिथे चार स्क्रू आहेत, त्यातले दोन एल-वन आणि आर-वन या बटणांखाली दडलेले. ते काढून कवच उकलले की आत लिथियमची एक चपटी बॅटरी दिसते. पीसीवर खेळण्यासाठी बिनतारी कंट्रोलर घेणाऱ्याने या दोन पाठींमधला फरक सर्वांत आधी समजून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बटणे आणि पकड आपल्याला पहिल्या दिवशी आवडते किंवा आवडत नाही. कंट्रोलर पाचव्या किंवा सातव्या वर्षीही खेळता येण्याजोगा राहील का, हे बहुतेक वेळा त्याच्या वीजपुरवठ्यावर ठरते. ज्याचा सेल वापरणाऱ्याला स्वतःच्या हाताने बदलता येतो तो कंट्रोलर घ्यावा, आणि त्यात पुन्हा चार्ज होणारे सेल घालावेत, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. त्याविरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे, तेही इथे येईल.

तार गेली की सेल येतो, आणि सेलची काळजीही सोबत येते. अटारीने १९८३ च्या सुमारास आपल्या २६०० या यंत्रासाठी बिनतारी जॉयस्टिक काढल्या होत्या, पण त्या बोजड होत्या. नंतरचे कित्येक बिनतारी कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखे अवरक्त किरणांवर चालत, त्यामुळे समोरून कोणी गेले की खेळातला माणूस जागच्या जागी थांबायचा. निन्टेंडोच्या गेमक्यूबसाठी २००२ मध्ये वेव्हबर्ड आला आणि रेडिओलहरींवर चालणारा कंट्रोलर रोजच्या वापराला पुरतो हे प्रथमच नीट सिद्ध झाले. दोन पेन्सिल सेलवर तो शंभर तासांपर्यंत चाले. त्या शंभर तासांची किंमत निन्टेंडोने उघडपणे मोजली होती. वेव्हबर्डमध्ये कंपनाची मोटर नव्हती. एका बाजूला झुकलेले वजन गरगर फिरवून हाताला थरार देणारी ती छोटी मोटर कंट्रोलरमधली सर्वांत खादाड गोष्ट असते, म्हणून ती वगळली. २००५ च्या अखेरीस आलेल्या एक्सबॉक्स ३६० च्या बिनतारी कंट्रोलरने मोटरही ठेवली आणि दोन पेन्सिल सेलही ठेवले. २०१३ च्या आणि २०२० च्या पिढीतही मायक्रोसॉफ्टने ती खाच काढली नाही. सोनीने प्लेस्टेशन ३ पासून उलटा रस्ता धरला आणि बॅटरी आतच कोंडली. पीसीवाल्यांना हे दोन्ही घराण्यांचे कंट्रोलर चालतात, म्हणून निवडीचा प्रश्न खरा त्यांनाच पडतो.

आतली लिथियम बॅटरी म्हणजे नवे तंत्र आणि पेन्सिल सेल म्हणजे जुनाट, असा समज सर्रास आढळतो. आकडे मांडले की तो टिकत नाही. चांगल्या प्रतीचा पुन्हा चार्ज होणारा पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा आणि सुमारे २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा असतो. दोन सेलांची मिळून ऊर्जा झाली ४.८ वॉट-तास. ड्युअलसेन्समध्ये १५६० मिलिअँपिअर-तासांची ३.६५ व्होल्टची बॅटरी आहे, म्हणजे सुमारे ५.७ वॉट-तास. त्याच्या आधीच्या ड्युअलशॉक ४ मध्ये १००० मिलिअँपिअर-तास होते, म्हणजे ३.६५ वॉट-तास. शिधा दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. तरी मायक्रोसॉफ्ट आपल्या कंट्रोलरला चाळीस तासांपर्यंतचा अवधी सांगते, आणि ड्युअलसेन्स मात्र खेळाप्रमाणे सहा ते बारा तासांत मान टाकतो. हा फरक साठ्याचा नसून खर्चाचा आहे. ड्युअलसेन्समध्ये ट्रिगरला अडवणाऱ्या मोटरी आहेत, बारीक कंपनांची यंत्रणा आहे, स्पीकर, मायक्रोफोन, स्पर्शपट्टी आणि दिवे आहेत. या सगळ्यांना खायला लागते. बॅटरी किती मोठी हे खोक्यावर छापलेले असते, कंट्रोलर ती किती खातो हे छापलेले नसते. वजनाचे म्हणाल तर सेल घातलेला एक्सबॉक्स कंट्रोलर आणि ड्युअलसेन्स दोन्ही २८० ग्रॅमच्या आसपासच भरतात. पेन्सिल सेलमुळे कंट्रोलर जड होतो ही तक्रार तराजूवर उतरत नाही.

आता सेलांकडे वळू, कारण ‘पेन्सिल सेल’ हे नाव आकाराचे आहे, आतल्या मालाचे नाही. साडेचौदा मिलिमीटर जाड आणि साडेपन्नास मिलिमीटर लांब असा हा आकार अमेरिकेत १९४७ मध्ये प्रमाणित झाला. त्याच आकाराच्या नळकांड्यात आज अगदी वेगवेगळी रसायने मिळतात, आणि कुठले रसायन हे सालीवरच्या सांकेतिक अक्षरांत लिहिलेले असते. नुसते ‘आर६’ लिहिले असेल तर तो कार्बन-झिंकचा स्वस्त सेल. घड्याळाच्या काट्याला सेकंदाला एक हलकी ढकल द्यायची असते, तिला तो पुरतो. कंट्रोलरची मोटर मात्र एकदम मोठा प्रवाह ओढते. या सेलचा आतला अवरोध जास्त असल्याने तेव्हा त्याचा व्होल्टेज कोसळतो आणि ऐन झुंजीत कंट्रोलर बंद पडतो. दोष कंट्रोलरवर जातो आणि सेल सुटतो. ‘एलआर६’ म्हणजे अल्कलाइन. तो चांगला चालतो, पण एकदाच. ‘एचआर६’ म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजेच पुन्हा चार्ज होणारा. या तिसऱ्या प्रकाराची पूर्वी फार बदनामी होती आणि ती खोटी नव्हती. भरून ठेवलेला सेल महिन्याभरात न वापरताच बराचसा रिता व्हायचा. २००५ मध्ये जपानच्या सॅन्यो कंपनीने एनेलूप नावाने आणलेल्या सेलांनी ही खोड काढली. ते कपाटात वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक भार राखून असतात. आज ते पॅनासॉनिकच्या नावाने विकले जातात आणि इतरही अनेक कंपन्या त्याच धाटणीचे सेल बनवतात. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कंट्रोलरचा खरा हिशेब या सेलांपासून सुरू होतो.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो. कंट्रोलरवर दीड व्होल्टचे सेल घाला असे लिहिलेले असताना १.२ व्होल्टचा सेल कसा पुरेल? प्रश्न रास्त आहे, पण दीड व्होल्ट हा अल्कलाइन सेलचा फक्त पहिल्या घटकेचा आकडा आहे. काम सुरू झाले की त्याचा व्होल्टेज उतरणीला लागतो, आयुष्याचा मोठा भाग तो १.३ च्या खाली काढतो आणि ०.९ च्या आसपास संपतो. कंट्रोलर बनवणाऱ्याला ही सगळी उतरण धरूनच मंडल आखावे लागते. निकेलचा सेल मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२ ला चिकटून राहतो. मोटरने प्रवाह मागितला तर तो अल्कलाइनपेक्षा कमी दबतो. तेव्हा अडचण पुरवठ्याची नाही, अडचण अंदाजाची आहे. कंट्रोलर उरलेला भार व्होल्टेजवरून ताडतो, आणि व्होल्टेजच हलत नसेल तर पडद्यावरचे चिन्ह दिवसेंदिवस ‘मध्यम’ दाखवत राहते आणि मग थोड्या वेळात ‘संपत आले’ म्हणते. अलीकडे दीड व्होल्टचे लिथियमचे पेन्सिल सेलही मिळू लागले आहेत. त्यांच्या आत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आणि व्होल्टेज उतरवणारे छोटे मंडल असते. ते अखेरपर्यंत दीड व्होल्ट देतात, म्हणून चिन्ह अखेरपर्यंत भरलेले दिसते आणि मग कोणतीही सूचना न देता कंट्रोलर मावळतो. त्यापेक्षा निकेलचा, निदान सूचना देऊन संपणारा सेल मला भरवशाचा वाटतो.

खर्चाचा हिशेब मांडून पाहू. रोज दोन तास खेळणारा माणूस वर्षाला सातशे तीस तास खेळतो. अल्कलाइनच्या जोडीने तीस तास दिले असे धरले तर वर्षाला चोवीस जोड्या, म्हणजे अठ्ठेचाळीस सेल कचऱ्यात जातात. पेन्सिल सेलवर कचऱ्याचा आरोप होतो तो याच हिशेबावर, आणि अल्कलाइनपुरता तो पूर्ण खरा आहे. आता निकेलचे चार सेल घ्या. एक जोडी कंट्रोलरमध्ये, दुसरी भरून बाजूला. एका भरणीत पंचवीस तास मिळाले तरी वर्षाला साधारण तीस भरण्या होतात, दोन जोड्यांत वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला पंधरा. कंपन्या दोन हजारांहून अधिक वेळा चार्ज होण्याची ग्वाही देतात. ती सोडून द्या, पाचशेच धरा. वर्षाला पंधराच्या चालीने पाचशे भरण्या व्हायला तेहतीस वर्षे लागतील. सेल त्याच्या कितीतरी आधी वयोमानानेच थकेल, आणि तो थकला की सेलच बदलायचा, कंट्रोलर नव्हे. तेच चार सेल पुढे माऊसला, टॉर्चला, पोराच्या खेळण्याला चालतात. यात एकच जागा सांभाळायची असते, ती चार्जरची. जोडीजोडीने भरणारा आणि ठरावीक तास आंधळेपणाने वीज ढकलणारा स्वस्त चार्जर चांगल्या सेलांचेही मातेरे करतो. प्रत्येक सेलकडे वेगळे लक्ष देणारा आणि भरला की थांबणारा चार्जर घ्यावा. कंट्रोलरमध्ये एक नवा आणि एक जुना सेल कधी घालू नये. दोन्ही एकामागे एक जोडलेले असतात. दुबळा आधी रिता होतो आणि सशक्त सेल त्याच्यातून प्रवाह रेटतच राहून त्याला कायमचा बिघडवतो. सेलांवर पेनाने ‘क १’, ‘क २’ असे लिहून जोड्या कायम ठेवल्या तरी पुरते.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. रात्री फोनला लावतो तशी कंट्रोलरला केबल लावावी, किंवा चौथऱ्यावर ठेवून द्यावा, सकाळी भरलेला मिळतो. सेल काढा, चार्जरमध्ये घाला, दुसरे बसवा हा व्याप हवा कशाला? सवयीच्या गोष्टीत सोय मोठी असते हे मान्य. पण आत कोंडलेल्या बॅटरीचा व्याप चार-पाच दिवसांनी लागतो, आणि सुट्या सेलांचा दहा-बारा दिवसांनी एकदा. शिवाय खेळ ऐन भरात असताना भार संपला तर सेल बदलायला अर्धे मिनिट लागते. बॅटरी आत असेल तर केबल शोधावी लागते आणि उरलेला खेळ तारेच्या लांबीत खेळावा लागतो. चौथऱ्याची सोयही वाटते तितकी निरुपद्रवी नाही. लिथियम-आयन बॅटरीला सर्वांत जास्त जाच होतो तो पूर्ण भरलेल्या अवस्थेत उबेला राहण्याचा. चौथऱ्यावर कायम बसलेला कंट्रोलर नेमक्या त्याच अवस्थेत असतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथल्या बंद खोलीत चौथऱ्यावर विसावलेली बॅटरी न वापरताही म्हातारी होत असते.

लिथियमच्या या म्हातारपणाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण खरेदीच्या वेळी ते दिसत नाही. अशी बॅटरी साधारणपणे तीनशे ते पाचशे पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर येते. दिवसाला दोन तास खेळणाऱ्याला दहा तास टिकणारा कंट्रोलर वर्षाला त्र्याहत्तर वेळा भरावा लागेल, म्हणजे निव्वळ चक्रे मोजली तर चार ते सात वर्षे निघतात. यावर कोणी म्हणेल की मग तक्रार कसली, तोवर माणूस नवा कंट्रोलर घेतोच. पण चक्रांच्या जोडीला वय आणि ऊब यांचे नुकसान चालूच असते. ज्याची सुरुवातच आठ-दहा तासांवर होते त्याचे तीस टक्के गेले तर हातात एका संध्याकाळपुरतेच उरते. त्याहून वाईट गत पडून राहणाऱ्या कंट्रोलरची होते. आपल्याकडे दहावी-बारावीच्या वर्षी कंट्रोलर कपाटात जातो आणि परीक्षा झाल्यावर बाहेर येतो. अर्धमेल्या अवस्थेत ठेवलेली लिथियम बॅटरी त्या काळात हळूहळू इतकी खाली जाऊ शकते की तिचे संरक्षक मंडल तिला पुन्हा चार्ज होऊ देत नाही. पेन्सिल सेलच्या कंट्रोलरलाही कपाटात धोका असतो, तो अल्कलाइन सेल पाझरण्याचा. धातूच्या पट्टीवर पांढरा बुरा दिसू लागला की समजावे. पण त्यावर उपाय साधा आहे. ठेवताना सेल काढून ठेवावेत. पाझरलाच तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पट्टी पुसावी आणि चांगली वाळू द्यावी. आत कोंडलेल्या बॅटरीला चाळीस-पन्नास टक्के भरून ठेवणे आणि दर दोन-तीन महिन्यांनी आठवणीने पाहणे एवढाच मार्ग आहे. परीक्षेच्या वर्षात ही आठवण कोण ठेवणार?

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे. बॅटरीचे काय घेऊन बसलात, तिच्या आधी स्टिकच जातात. हे बऱ्याच अंशी खरे होते. बहुतेक कंट्रोलरमधल्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत सरकणारी धातूची जीभ. घासून पट्टी झिजली की बोट न लावताही खेळातला माणूस एका बाजूला चालू लागतो. यालाच स्टिक ड्रिफ्ट म्हणतात. पण यावरचा उपाय जुनाच आहे. सेगाने १९९६ च्या सॅटर्नच्या थ्रीडी कंट्रोलरमध्ये आणि नंतर ड्रीमकास्टमध्ये चुंबक आणि हॉल सेन्सर वापरले होते. त्यात घासणारे काही नसल्याने झीज नाही. मधली वीस-पंचवीस वर्षे मोठ्या कंपन्यांनी तो मार्ग सोडला होता. गुलीकिट, एटबिटडो यांसारख्या चिनी कंपन्यांनी तो पुन्हा रूढ केला, आणि आता मध्यम किमतीच्या कंट्रोलरमध्येही हॉल सेन्सर मिळतो. त्याहून नवा टीएमआर सेन्सर वीजही कमी खातो, म्हणून बिनतारी कंट्रोलरला तो अधिक मानवतो. याचा परिणाम काय झाला पाहा. अशा कंट्रोलरच्या स्टिक दीर्घायुषी झाल्या आणि त्यांच्यातला सर्वांत लवकर मरणारा भाग आता बॅटरी ठरला. या आक्षेपामुळे माझे म्हणणे दुबळे होत नाही, उलट आणखी पक्के होते. २०२३ मध्ये आलेल्या ड्युअलसेन्स एजमध्ये सोनीने स्टिकचे अख्खे ठोकळे ग्राहकाला बदलता येतील अशी उत्तम सोय केली. बॅटरी मात्र आतच राहिली, आणि तीही १०५० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे साध्या ड्युअलसेन्सपेक्षा लहान. मायक्रोसॉफ्टच्या महागड्या एलिट मालिकेचेही तसेच झाले. २०१५ च्या पहिल्या एलिटमध्ये पेन्सिल सेल होते, २०१९ च्या दुसऱ्या एलिटमध्ये बॅटरी आत गेली. जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त काळ टिकणारी वस्तू मिळते असे इथे होत नाही.

जोडणीचा प्रश्न विजेपासून वेगळा नाही, म्हणून तोही इथेच घेतो. पीसीला बिनतारी कंट्रोलर दोन वाटांनी जोडता येतो. एक ब्लूटूथ आणि दुसरी कंपनीचा स्वतःचा यूएसबी डोंगल. ब्लूटूथ आणि बहुतेक डोंगल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. भारतात २००५ च्या नियमांनी हा पट्टा परवान्यावाचून वापरायला मोकळा झाला, आणि घरचे वाय-फायही तिथेच गर्दी करते. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. आजच्या बऱ्याच कंट्रोलरमधल्या ब्लूटूथ लो एनर्जीत दोन भेटींमधले किमान अंतर ७.५ मिलिसेकंद असते, तर चांगला डोंगल मिलिसेकंदाला एकदा खबर पोचवतो. गोष्टींचे खेळ, शर्यती, क्रिकेट यांना ब्लूटूथ पुरते. मारामारीच्या किंवा नेमबाजीच्या खेळात डोंगल घ्यावा. मात्र सेकंदाला हजार वेळा बोलणारा रेडिओ हजार वेळा जागा होतो आणि त्याची वीज सेलातूनच जाते. म्हणून ज्या कंट्रोलरमध्ये हा दर कमी-जास्त करता येतो त्यात निवांत खेळांना तो उतरवून ठेवावा. डोंगल कुठे लावतो यालाही फार महत्त्व आहे. यूएसबी ३.० च्या जोडण्यांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो हे इंटेलने २०१२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले होते. त्यात पीसीचा पत्र्याचा डबा टेबलाखाली, डोंगल त्याच्या पाठीमागे आणि मध्ये खेळणाऱ्याचे गुडघे असतील तर बटण दाबल्याचे वेळेवर पोचत नाही आणि दोष सेलच्या माथी येतो. एक-दीड मीटरची साधी यूएसबी जोडतार घेऊन डोंगल टेबलावर, नजरेसमोर आणावा. कमी खर्चात इतका फरक पाडणारा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही.

चौथा आक्षेप तारेच्या बाजूने आहे. पीसी तर टेबलावरच असतो, मग सरळ तारेचा कंट्रोलर घ्यावा, सेलही नको आणि डोंगलही नको. टेबलाशी बसून खेळणाऱ्याला मी हाच सल्ला देईन. त्याला बिनतारी कंट्रोलरची गरजच नाही. पण पलंगावरून किंवा सोफ्यावरून मोठ्या पडद्यावर खेळणाऱ्याला तार आडवी येते. घरात लहान मूल असेल तर ती पायात येते आणि कधी पीसीचा पोर्टच ओढून काढते. यातही पेन्सिल सेलच्या कंट्रोलरचा एक गुण कमी लोकांना ठाऊक असतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमधले सेल काढून टाका आणि यूएसबी केबल लावा, तो रिकाम्या पोटी तारेवर बिनतक्रार चालतो, अंगाने हलकाही होतो. एकाच वस्तूत दोन्ही मिळते. ड्युअलसेन्सच्या बाबतीत मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पीसीवर बहुतेक खेळांत त्याच्या ट्रिगरचा विरोध आणि बारीक कंपने पूर्णपणे अनुभवायची तर केबलच लावावी लागते. ती अनुभूती फार सुंदर आहे आणि तिच्यासाठी कोणी ड्युअलसेन्स घेतला तर त्याला चूक म्हणता येणार नाही. फक्त तो पीसीपुरता तारेचा कंट्रोलर घेतो आहे हे त्याने जाणून घ्यावे. जुन्या खेळांत तो चालवायला स्टीमची मदत किंवा वेगळे सॉफ्टवेअर लागते, कारण २००५ पासून विंडोजचे खेळ मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुट पद्धतीला सरावले आहेत.

यावरून सगळे कंट्रोलर दोनच टोकांना आहेत असा ग्रह होऊ नये. मधल्या पायऱ्या आहेत आणि त्या नीट पारखाव्यात. एटबिटडोच्या प्रो २ मध्ये चार्ज होणारी बॅटरी हाताने बाहेर काढता येते आणि त्याच जागी दोन पेन्सिल सेल बसतात. माझ्या मते ही सर्वांत शहाणी रचना आहे आणि इतरांनी ती उचलायला हवी. लॉजिटेकचा एफ७१० कित्येक वर्षे दोन पेन्सिल सेलांवर चालत आला. ड्युअलसेन्समधली बॅटरी आत असली तरी सोल्डरने चिकटवलेली नाही, छोट्या प्लगने जोडलेली आहे. स्क्रू काढायची भीती नसलेल्या माणसाला ती बदलता येते. खरी अडचण आहे ती नावगाव नसलेल्या स्वस्त कंट्रोलरांची. त्यांच्यातली बॅटरी अनेकदा थेट सोल्डर केलेली असते, तिची क्षमता खोक्यावर फुगवून लिहिलेली असते आणि सुटा भाग कुठे मिळेल याचा पत्ता नसतो. गल्लीतला मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर ती बदलू शकेल, पण त्याला बरोबर मापाची आणि संरक्षक मंडल असलेली बॅटरी मिळाली तरच. फुगलेली लिथियम बॅटरी घरी टोचू किंवा दाबू नये. ती आणि तो कंट्रोलर दोन्ही ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावीत, घंटागाडीत टाकू नयेत.

कायदाही आता याच दिशेने सरकतो आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरीविषयक नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला सहज मिळणाऱ्या हत्यारांनी काढता आणि बदलता आली पाहिजे. भारतातले ऑगस्ट २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम उत्पादकांवर जबाबदारी टाकतात ती मुख्यतः वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची आणि त्यांच्या पुनर्वापराची. ती आवश्यकच आहे, पण बॅटरी कचरा झाल्यावर पुढे काय एवढ्यावरच ती बोलते. थकलेल्या बॅटरीबरोबर धडधाकट कंट्रोलर कचऱ्यात जाऊ नये, हे आज ग्राहकालाच पाहावे लागते. त्यासाठी पुढील प्रकरणांत निरनिराळे कंट्रोलर, सेल आणि चार्जर यांची तपशीलवार पाहणी आहे. ती वाचण्यापूर्वीही एक गोष्ट करता येईल. दुकानात असाल तर कंट्रोलर हातात घेऊन पालथा करा, ऑनलाइन घेत असाल तर पाठीचा फोटो शोधा. झाकण असेल तर पुन्हा चार्ज होणारे चार पेन्सिल सेल आणि एक चांगला चार्जर त्याच खरेदीत घ्या. झाकण नसेल तर विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा. आतली बॅटरी सुटी मिळते का, आणि ती बदलून कोण देते? या दोन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.